सुपाऱ्यांचा कीबोर्ड

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो टेम्पोतून, भाताच्या पेंढ्यावर बसून आला. नागाव सोडलं की पुढे वाड्यांमधून वळत समुद्राकडे जाणारा आमचा रस्ता तेव्हा असा खड्ड्यांचा होता की हेडसर स्वतः मागे हौद्यात चढले आणि दोन्ही खोकी कवेत धरून उभ्या उभ्या गावापर्यंत आले. शाळेच्या दारात अर्धं गाव जमलेलं. कोणी नारळ आणला, कोणी हळदकुंकू. उदबत्तीची राख आत जाईल म्हणून मी ओरडत होते आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. शेवटी मी बटण दाबलं, आतून पंख्याची घरघर सुरू झाली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली आणि मग तो पडदा निळा झाला. काय सांगू तुम्हाला! खोलीतल्या माणसांच्या तोंडावर तो निळा उजेड पडला. कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी टोपी काढली आणि हात जोडले. मला हसू यायला हवं होतं, पण माझ्याही अंगावर काटा आला होता. यंत्र मी अलिबागला तीन महिने रोज बघितलेलं, तरी आला.

मी तेव्हा वीस वर्षांची. बारावी झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास, आणि त्यावर तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स, एवढ्यावर शाळेने मला कॉम्प्युटरच्या बाई म्हणून ठेवलं होतं. अख्ख्या पंचक्रोशीत या विषयातलं मला सगळ्यात जास्त कळत होतं, यावरून बाकीच्यांना किती कळत असेल ते समजून घ्या. बाबा मात्र खूश नव्हते. पनवेलकडचं एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि ते म्हणायचे, "शालू, ते तुझं यंत्र जितके दिवस हाय तितके दिवस जा शालेत. मग मी कोणाचं ऐकायचा न्हाय." म्हणजे यंत्र गेलं की मी पण गेले. हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

आणि यंत्र जाणार अशी चिन्हं पहिल्या महिन्यातच दिसायला लागली. हेडसर माणूस देवासारखा, पण त्यांनी त्या कॉम्प्युटरचाही देवच करून टाकला. खारा वारा लागेल म्हणून खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्रं चिकटवली. धूळ बसेल म्हणून वर प्लास्टिक, त्याच्यावर त्यांच्या सत्काराची शाल. मुलांनी चपला बाहेर काढायच्या, रांगेने यायचं, उंबऱ्यापासून बघायचं आणि पुढे सरकायचं. हात लावायचा नाही. "बाई, चाळीस पोरांचे हात लागले तर आठ दिवस टिकेल का ते?" असं ते मला कळवळून विचारायचे. मी शनिवारी अर्धा तास चालू करून बंद करायचे, नाहीतर आत गंज चढेल म्हणून. उरलेला आठवडा मी फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढून शिकवत होते. हा मॉनिटर, हा माऊस. पोरं वहीत उतरवून घेत होती. आता विचार केला की स्वतःचाच राग येतो. मी तरी त्यांच्याशी भांडायला हवं होतं की नाही? पण विसाव्या वर्षी हेडसरांसमोर तोंड उघडणं म्हणजे काय, ते त्या काळच्या मुलींनाच ठाऊक.

अशात जिल्ह्याहून पत्र आलं. तीन महिन्यांनी साहेब तपासणीला येणार. आठवीच्या मुलांना यंत्र स्वतः वापरता येत नसेल, तर ते काढून तालुक्याच्या शाळेला दिलं जाईल. हेडसरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "बाई, काहीतरी करा." मी म्हटलं, "सर, मुलांना बसू द्या ना मग." तर म्हणाले, "आणि नेमकं त्याच दिवशी बंद पडलं तर?" झालं! म्हणजे पोरांना पोहता तर यायला पाहिजे, पण पाण्यात उतरायचं नाही.

त्या दिवशी मी घरी आले ती पाय आपटतच. आमची वाडी लहानशी, नारळ आणि पोफळी, मध्ये विहीर. दिवाळीनंतर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे सुपारी वाळत टाकलेली. पिवळी, नारिंगी, मग हळूहळू तपकिरी होत जाणारी. दुपारच्या शांततेत मागे कुठेतरी नारळ धप्पकन पडायचा, झावळ्या एकमेकींवर घासायच्या, आणि या सगळ्याखाली समुद्राची गाज, जी आम्हाला ऐकूच यायची नाही, पाहुण्यांनी म्हटलं तरच ऐकू यायची. आई चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. जवळा भाजल्याचा वास अंगणभर. मी ताटावर बसले तरी पुटपुटतच होते. आई म्हणाली, "आधी जेव. त्या यंत्रावर काय करायचं असतंय असं मोठं?" मी म्हटलं, "अक्षरं कुठे कुठे असतात ते बोटांना पाठ असावं लागतं." तिला समजेना. म्हणून मी उष्ट्या हाताने उठले, ओट्यावरच्या टोपलीतली दोन-तीन मुठी सुपारी घेतली आणि जमिनीवर मांडून दाखवायला लागले. वरच्या ओळीत दहा, मधल्या ओळीत नऊ, खालच्या ओळीत सात. सव्वीस सुपाऱ्या. मांडून झाल्या आणि मी तशीच बसून राहिले. हाताला भाकरी वाळली तरी उठले नाही. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "आई, मला अंगणाचा एक कोपरा देशील?"

आईने आधी नाहीच म्हटलं. सुपारी काय खेळायची वस्तू आहे का, पोरं तुडवतील, गड्यांना काम करता येणार नाही, सगळं बोलून झालं. मग दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून बघते तर विहिरीकडचा कोपरा झाडून, शेणाने सारवून तयार! ओल्या सारवणात मी अंगठ्याने सव्वीस खळगे केले, म्हणजे सुपाऱ्या घरंगळणार नाहीत. दोन शब्दांमध्ये जागा सोडायच्या लांबट पट्टीच्या जागी पोफळीच्या झावळीची काडी. एंटरच्या जागी अर्धी करवंटी उपडी. आणि माऊस म्हणून दुसरी लहान करवंटी, ती सारवणावरून सरकवायची आणि डोक्यावर टिचकी मारायची. प्रत्येक सुपारीवर मी चुन्याने इंग्रजी अक्षर लिहिलं. दोन दिवसांत पोरांच्या बोटांनी ती अक्षरं पुसली गेली. मी परत लिहिली नाहीत. अक्षर बघून मारायचं नाही, जागा ओळखून मारायचं, असंच मला टायपिंगच्या सरांनी शिकवलं होतं.

शाळा सुटली की आठवीचा वर्ग आमच्याकडे यायचा. सोळा मुलगे आणि अकरा मुली. वर्गात मुलगे एका बाजूला आणि मुली एका बाजूला बसायच्या, तशीच ती इथेही बसली, सांगावं लागलं नाही. मुली ओट्याकडे, आईच्या जवळ. मुलगे समोर विहिरीकडे. मध्ये माझा सुपाऱ्यांचा कीबोर्ड. मी मुलग्यांच्या बाजूला उभी राहायचे, कारण मस्ती तेच करायचे आणि कान धरायला हाताशी बरे पडायचे. मी ओरडायचे, "के!" की एक मुलगा वाकून सुपारीवर बोट टेकवायचा. "प्रमिला, टी!" की समोरून प्रमिला हात लांब करून नेमकी तीच सुपारी दाबायची. मग अख्खे शब्द. मग वाक्यं. आधी एका बोटाने, मग दोन्ही हात टेकवून. महिन्याभरात अशी मजा झाली की मी शब्द उच्चारायच्या आत सुपाऱ्यांवर टकटक व्हायची. सतरा-अठरा वर्षं सुपारी सोलणारे आमचे गडी हातातलं काम सोडून बघत उभे राहायचे. बाबा वाडीतून पाण्याची कळशी घेऊन जाताना मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचे, म्हणजे कोपऱ्यावरून जाता येईल. विचारलं तर म्हणायचे, "इकडनं सावली हाय." सावली त्या बाजूला दिवसभरात कधी नसायची.

या सगळ्यात प्रमिला निराळी. कोळीवाड्यातली, बाप होडीवर, आई डोक्यावर पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात. सडपातळ, काळीसावळी, वर्गात तोंडातून शब्द नाही. पण तिची बोटं! त्या मुलीने डोळे मिटून "नॅशनल" लिहिलेलं मी बघितलंय, त्या मुक्या सुपाऱ्यांवर, एकही बोट न चुकता. मला स्वतःला तसं येत नव्हतं. मी तिला शाबासकी द्यायचे तर ती मान खाली घालून वेणीच्या टोकाशी चाळा करत राहायची. अकरा मुलींपैकी दहाजणी तिच्याकडे बघून शिकत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

अजूनही शिक्षकांच्या शिबिरात मला बोलावतात. आता वर्गात पाटीएवढे टॅब असतात, भिंतीवर मोठे पडदे असतात, पहिलीतलं पोर बोटाने चित्र मोठं करतं आणि मी तोंडात बोट घालून बघते. तिथे मला नेहमी विचारतात, तुमच्या वेळी साधनं काय होती? मी सुपाऱ्या सांगते, सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. पुढचं मी तिथे सांगत नाही. ते सांगायला जरा निवांतपणा लागतो.

साहेब आले ते सकाळी दहाला. उंच, गोरे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. हेडसरांनी शाल काढली, प्लास्टिक काढलं. यंत्र चालू झालं, पडद्यावर लिहायचं पांढरं पान उघडलं, आणि साहेब म्हणाले, "एक मुलगा येऊ द्या." मी गणेशला पाठवलं. गण्या म्हणायचे त्याला सगळे. सगळ्यात चपळ. तो खुर्चीवर बसला, खऱ्या कीबोर्डवर आयुष्यात पहिल्यांदा हात ठेवला आणि त्याने स्वतःचं नाव लिहिलं. गावाचं नाव लिहिलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. हेडसर माझ्याकडे बघून हसले. माझ्या डोळ्यांत पाणी येणार इतक्यात साहेब म्हणाले, "छान. आता एक मुलगी."

मला काळजीच नव्हती. मी म्हटलं, "प्रमिला, जा."

ती बसली. बोटं ठेवली. साहेबांनी सांगितलं, "लिही, माय नेम इज प्रमिला." तिने लिहिलं, नेहमीसारखं, भराभर. आणि पडद्यावर आली नुसती भेळ. एक शब्द कळेल तर शपथ! प्रमिलाने वर बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. तिने परत लिहिलं. परत भेळ. साहेबांनी पेन काढलं आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मी म्हटलं, "सर, घाबरलीय ती, दुसरी मुलगी बोलावते." दुसरी आली, तिचंही तेच. तिसरीचंही तेच. साहेब हेडसरांना म्हणाले, अगदी सौम्य आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं, "एका मुलाकडून पाठ करून घेतलेलं दिसतंय तुम्ही. मुलींना शिकवलंच नाहीये." हेडसर खाली बघायला लागले. मला काहीच समजत नव्हतं. तीन महिने या मुलींनी माझ्या डोळ्यांसमोर एक अक्षर चुकवलं नव्हतं. मग आज काय झालं? यंत्र बिघडलं म्हणावं तर गण्याला कसं आलं? साहेब उठले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो." संपलं होतं सगळं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई."

प्रमिला अजून टेबलापाशीच उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. कीबोर्डकडे बघत होती, मान एका बाजूला कलती करून, जाळ्यात काय अडकलंय ते बघावं तशी. म्हणाली, "बाई, ह्यो फिरवू का?"

"काय फिरवू?" मी विचारलं. पण ती माझ्या उत्तरासाठी थांबलीच नाही. तिने तो कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ उलटा फिरवून ठेवला. वायर तिच्या पोटाशी आली, लांब पट्टी पलीकडे गेली, सगळी अक्षरं खाली डोकं वर पाय. हेडसर "अगं अगं, तुटेल!" म्हणून धावले. प्रमिला खुर्चीवर बसली, बोटं टेकवली आणि लिहायला लागली.

माय नेम इज प्रमिला. एकही चूक नाही. मग कोणी न सांगता पुढे, माय व्हिलेज इज निअर द सी. दर शब्दानंतर तिचा अंगठा पलीकडच्या पट्टीपर्यंत लांब जात होता आणि परत येत होता, इतक्या सहज की जणू सगळ्या जगात ती पट्टी तिकडेच असते. आणि मला एकदम दिसलं. आमचं अंगण दिसलं. विहिरीच्या बाजूला मी आणि मुलगे. ओट्याच्या बाजूला त्या अकराजणी, तीन महिने, समोर बसून. मी दाखवलं ते त्यांनी त्यांच्या बाजूने पाठ केलं होतं. बोट नेहमी बरोबर सुपारीवरच पडत होतं, मग मला चूक दिसणार तरी कुठून? मी एकदाही, एकदाही पलीकडे जाऊन त्यांच्याजवळ बसले नव्हते. लाज वाटली मला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी ती बोटं बघून छाती भरून आली. दोन्ही एकदम होतं का हो माणसाला? मला झालं.

साहेब परत खुर्चीपाशी आले होते. त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. ते नाव त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. प्रमिलाने ते लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "बाळ, उलटं कसं शिकलीस तू?"

शाळेत आल्यापासून ती मुलगी एवढं मोठ्याने बोलली नव्हती. म्हणाली, "उलटं न्हाय, सर. आमच्या बाजूनं असंच हाय."

साहेबांनी सारा प्रकार माझ्याकडून समजून घेतला. मी रडत, हुंदके देत सुपाऱ्यांचं सगळं सांगितलं, करवंटीसकट. ते ऐकत राहिले. मग उरलेल्या दहाजणींना त्यांनी एकेक करून बसवलं, कीबोर्ड तसाच उलटा ठेवून, आणि दहाही जणींनी लिहिलं. दुपारचे दोन वाजले, हेडसरांनी मागवलेला चहा गार झाला, साहेब उठेनात. एकदा त्यांनी स्वतः त्या बाजूने लिहून बघितलं. स्वतःचं नावही धड येईना. ते मोठ्याने हसले आणि त्यांच्यामागून अख्खी खोली हसली. जाताना हेडसरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंत्र इथेच राहील. पण गुरुजी, पोरांना हात लावू द्या हो." हेडसर म्हणाले, "लावतील साहेब, लावतील." बाबांना मी रात्री जेवताना सांगितलं. आईने सांगितलं की पनवेलच्या लोकांना त्यांनी सकाळीच निरोप धाडला होता, मुलगी सध्या कामात हाय म्हणून. तपासणीचा निकाल लागायच्या आधीच!

दुसऱ्या दिवसापासून त्या अकराजणींना मी खऱ्या यंत्रावर सरळ बाजूने बसवलं. फार त्रास झाला त्यांना. बोटांना एक माहीत आणि डोळ्यांना दुसरंच. प्रमिला स्वतःवर चिडायची, ओठ चावायची, पण उठायची नाही. आठवडा गेला. शनिवारी तिने अर्धं पान सरळ बाजूने लिहून काढलं, माझ्याकडे बघितलं, मग कीबोर्ड फिरवला आणि तेच अर्धं पान दुसऱ्या बाजूने लिहिलं. तेवढ्याच वेगाने. गण्या दारात उभा राहून बघत होता. त्याला राहवेना. "मला दे, मला दे," करत तो पुढे आला, उलट्या कीबोर्डसमोर बसला आणि पहिल्याच शब्दाला अडकला. दोनदा खोडलं, परत अडकला. कान लाल झाले त्याचे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे कसं करायचं? दाखवा ना."

मी काय दाखवणार? मला येत होतं कुठे! मी प्रमिलाकडे बघितलं.

प्रमिलाने वेणी पाठीवर टाकली आणि त्याला म्हणाली, "सरक जरा."